तुलना कोणत्या मापाने?

वरच्या दाढा पडल्या की तिथले हाड झिजते आणि जबड्यातली हवेची पोकळी, म्हणजे सायनस, खाली पसरते. कृत्रिम दाताचा धातूचा स्क्रू रोवायला मग हाडच पुरत नाही. अशा वेळी पोकळीचे अस्तर उचलून खाली हाडाची भर घालतात. बॉइन व जेम्स यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत जबड्याच्या बाजूला खिडकी पाडतात. समर्स यांच्या १९९४ च्या पद्धतीत स्क्रूच्या छिद्रातूनच अस्तर वर ढकलतात. पहिलीत उंची जास्त मिळते, पण जखम मोठी होते. दुसरीत जखम लहान, मात्र मुळात साधारण ५ मिलिमीटर हाड लागते. अस्तर फाटण्याचा धोका दोन्हींत आहेच.

तुलना बहुधा इथेच थांबते, आणि आमचा आक्षेप यालाच आहे. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरून शहरात जाणाऱ्याला प्रत्येक खेप म्हणजे बुडालेली मजुरी आणि एसटीचे भाडे. हाड भरायला तर काही महिने लागतात. मग आखूड स्क्रू किंवा साधी कवळी हे पर्याय तुलनेत का नसावेत? आणि दाढ मुळात वाचवता आली असती का?

‘उत्तम पद्धत’ असे वाचले की विद्यार्थ्यांना विचारू द्यावे: कोणासाठी, आणि कोणत्या मापाने?