नवशिकेपणाचा पुरावा : जॅनेट गथ्री यांचे आत्मकथन

मोटारशर्यतीच्या चालकांनी लिहिलेल्या आठवणींना साहित्यसमीक्षेत फारसे स्थान मिळालेले नाही. याचे एक कारण या लेखनाच्या साचेबंदपणात आहे. बालपणीचे वेगाचे वेड, पहिली जुनी मोटार, पहिल्या मोसमातील फजिती आणि अखेरीस विजयचषक हा क्रम इतका ठरून गेलेला असतो की, पहिला मोसम म्हणजे यशाच्या दाराबाहेरचा उंबरठा एवढेच त्याचे प्रयोजन उरते. जॅनेट गथ्री या अमेरिकन चालक स्त्रीचे ‘ए लाइफ ॲट फुल थ्रॉटल’ हे २००५ साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन या क्रमाला जुमानत नाही. इंडियानापोलिसच्या शर्यतीत किंवा नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत गथ्री यांना एकही विजय मिळाला नाही. त्यामुळे त्यांच्या निवेदनात १९७६ आणि १९७७ या वर्षांतील नवशिकेपण उंबरठ्यावर थांबत नाही; तेच घराचा मध्यभाग व्यापते.

गथ्री यांचा जन्म १९३८ सालचा. वडील वैमानिक, आणि मुलीनेही किशोरवयातच विमान चालवण्यास आरंभ केलेला. १९६० मध्ये मिशिगन विद्यापीठाची भौतिकशास्त्राची पदवी घेऊन त्या एका विमान कंपनीत संशोधन-अभियंता म्हणून रुजू झाल्या. १९६५ मध्ये ‘नासा’ने शास्त्रज्ञ-अंतराळवीरांसाठी अर्ज मागवले तेव्हा पहिल्या चाळणीतून त्या पार पडल्या होत्या. दरम्यान विकत घेतलेल्या जुन्या जॅग्वार मोटारीने त्यांना स्पोर्ट्स कार शर्यतींत आणले. इंजिन स्वतः उघडायचे, स्वतः जुळवायचे, मोटार स्वतःच शर्यतीला न्यायची आणि जागा मिळेल तेथे झोपायचे, असा तेरा वर्षांचा क्रम. १९७५ च्या अखेरीस त्यांच्याकडे अनुभव भरपूर होता, पैसा मात्र संपला होता. याच सुमारास ओरेगॉन राज्यातील पोर्टलंडचे संघमालक रोला व्होलस्टेड यांनी इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीसाठी त्यांना विचारले.

येथे एका शब्दाचा विचार करावा लागतो. इंग्रजीतील ‘रुकी’ या शब्दाला मराठीत ‘नवशिका’ हा प्रतिशब्द सहज सुचतो; पण नवशिका म्हणजे ज्याला काम अजून येत नाही तो. इंडियानापोलिसच्या नियमावलीतील ‘रुकी’ला काम येत असो वा नसो, त्या शर्यतीत तो पूर्वी उतरलेला नसला म्हणजे पुरे. अशा प्रत्येकाला एक वेगळी चाचणी द्यावी लागते. ठरावीक वेगाच्या चढत्या पायऱ्यांवर फेऱ्या पूर्ण करायच्या आणि वळणांवर उभ्या असलेल्या अनुभवी निरीक्षकांनी चालकाची रेषा, सातत्य व संयम पाहायचा, असे तिचे स्वरूप. अडतीस वर्षांच्या गथ्री यांनी मे १९७६ मध्ये ही चाचणी दिली आणि त्या उत्तीर्णही झाल्या. नियमाच्या दृष्टीने प्रश्न तेथेच मिटायला हवा होता. तो मिटला नाही, कारण नियमपुस्तकातील नवशिकेपणाखाली दुसरे एक अलिखित नवशिकेपण दडलेले होते. १९७१ पर्यंत या मैदानाच्या पिट्समध्ये आणि गॅरेजच्या आवारात स्त्रियांना प्रवेशच नव्हता. १९७६ च्या मार्चमध्ये आर्लीन हिस यांनी फीनिक्स येथे या श्रेणीच्या शर्यतीत भाग घेतला, तेव्हा त्यांच्या संथ वेगाबद्दल टीका झाली. त्या टीकेचा भार दोन महिन्यांनी गथ्री यांच्या नावावर जमा झाला. पुरुष चालक संथ गेला तर तो संथ ठरतो. येथे एका स्त्रीच्या फेऱ्यांवरून समस्त स्त्रीजातीचा निकाल लावला जात होता.

या परिस्थितीत लिहिलेल्या आत्मकथनाचा सूर भावनिक होणे स्वाभाविक होते. गथ्री यांनी अभियंत्याचा सूर निवडला. टर्बोचार्जरचा दाब, टायरची पकड, सस्पेन्शनची जुळणी, वळणात मागची चाके सरकतात की पुढची, गॅरेजमध्ये कोणता भाग किती वेळा बदलला, असा तपशील या पुस्तकात इतका आहे की, शर्यतीत रस नसलेल्या वाचकाला तो अडथळा वाटावा. वरवर पाहता ही हौशी तांत्रिकता वाटते. परंतु संपूर्ण निवेदनाला आधार देणारा युक्तिवाद याच तपशिलातून उभा राहतो. मोटार अपेक्षित वेगाने गेली नाही तर दोष चालकाचा की यंत्राचा, हा प्रश्न प्रत्येक नवोदितापुढे असतो. पुरुषाच्या बाबतीत त्याचे उत्तर लोक यंत्रापासून शोधू लागतात. गथ्री यांच्या बाबतीत ते चालकापाशी येऊन थांबलेले होते. म्हणून यंत्राची बाजू नोंदवून ठेवणे त्यांना भाग पडले.

याचा कस लागतो तो १९७६ च्या मे महिन्यातील अखेरच्या पात्रता-दिवशी, आणि पुस्तकाचे मर्मस्थान तेच आहे. इंडियानापोलिसचा ट्रॅक अडीच मैलांचा. शर्यतीत जागा तेहतीस. व्होलस्टेड यांच्या मोटारीत गथ्री यांचा वेग ताशी १७३ मैलांच्या आसपास अडकला होता आणि तेवढ्यावर जागा मिळणे शक्य नव्हते. अशा वेळी तीन वेळा ही शर्यत जिंकलेले ए. जे. फॉइट यांनी आपली राखीव ‘कोयोटी’ मोटार त्यांना सरावासाठी दिली. अपरिचित मोटार, हाताशी थोडा वेळ, आणि काही फेऱ्यांतच वेग ताशी १८०.७९६ मैल, म्हणजे सुमारे २९१ किलोमीटर. हा वेग शर्यतीत जागा मिळवण्याइतका होता. मात्र पात्रता फेरीसाठी ती मोटार न देण्याचे फॉइट यांनी ठरवले, आणि त्या वर्षीची इंडियानापोलिसची वाट बंद झाली.

या प्रसंगात नाट्य भरपूर आहे आणि वृत्तपत्रांनी ते वापरलेही. फॉइट यांचे औदार्य, नंतरची माघार, कडेला उभी असलेली स्त्री, या सामग्रीतून कोणत्याही लेखकाला करुणरस निर्माण करता आला असता. या प्रसंगाचे खरे महत्त्व मात्र भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला लगेच जाणवेल असे आहे. येथे नकळत एक नियंत्रित प्रयोग घडला. चालक तीच, ट्रॅक तोच. बदलले ते केवळ यंत्र. अडीच मैलांच्या फेरीत सुमारे दोन सेकंदांचा फरक पडला. चालक आणि यंत्र यांच्यातील दोषाची वाटणी एरवी तर्काने करावी लागते; त्या दिवशी ती घड्याळाने करून दाखवली. पण हा निकाल सरावातला! पात्रता फेरीत नोंदला जातो तोच वेग शर्यतीच्या अधिकृत इतिहासात राहतो. त्या इतिहासापुरते बोलायचे तर १९७६ च्या इंडियानापोलिसमध्ये गथ्री पात्र ठरल्या नाहीत, एवढे एकच वाक्य शिल्लक आहे. नोंदवहीने ज्याची दखल घेतली नाही तो पुरावा नोंदवणे, ही या आत्मकथनाची मूळ प्रेरणा मानली पाहिजे. सामान्यतः आत्मचरित्रकार नोंदीमागचा माणूस दाखवू पाहतो. गथ्री नोंदच दुरुस्त करू पाहतात.

पुढची घटना याच आठवड्यातली आहे. उत्तर कॅरोलिनातील शार्लट येथील मैदानाचे हंपी व्हीलर यांनी त्यांना नॅसकारच्या सहाशे मैलांच्या शर्यतीत उतरण्याचे निमंत्रण दिले. बँकेत अधिकारी असलेल्या लिंडा फेरेरी यांनी मोटार विकत घेतली आणि राल्फ मूडी यांनी तयारीची बाजू सांभाळली. व्हीलर यांच्या निमंत्रणात तिकीटविक्रीचा हिशेब होता हे उघड आहे. गथ्री यांना स्टॉक कारचा अनुभव नव्हता. इंडियानापोलिसची मोटार हलकी व उघड्या चाकांची. ही जड, बंद आणि कॅरोलिनातील उन्हाळ्याच्या तोंडावर आत भट्टीसारखी तापणारी. स्त्रीच्या दमसासाविषयी शंका घेणाऱ्यांना याहून सोयीची कसोटी सापडली नसती. ३० मे १९७६ रोजी, म्हणजे ज्या दिवशी इंडियानापोलिसची शर्यत त्यांच्याशिवाय झाली त्याच दिवशी, त्यांनी शार्लटची शर्यत पूर्ण केली आणि पंधरावा क्रमांक मिळवला.

१९७७ या वर्षाची कहाणी सरळ चढती नाही. फेब्रुवारीत डेटोनाच्या पाचशे मैलांत त्या बाराव्या आल्या आणि त्या शर्यतीतील नवोदितांत पहिल्या ठरल्या. शेवटच्या काही फेऱ्या इंजिनाचे दोन सिलिंडर बंद पडलेल्या अवस्थेत काढाव्या लागल्या होत्या. इंडियानापोलिसच्या सरावाच्या पहिल्याच दिवशी सर्व चालकांत त्यांचा वेग अधिक होता. त्यानंतर भिंतीवर आदळून अपघात, दुरुस्ती, पुन्हा वेगाचा शोध, आणि अखेर ताशी १८८.४०३ मैलांच्या सरासरीने पात्रता. या शर्यतीसाठी पात्र ठरलेली पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव इतिहासात गेले. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र इंजिनाच्या बिघाडामुळे सत्तावीस फेऱ्यांनंतर थांबावे लागले. क्रमांक एकोणतिसावा. त्याच दिवशी फॉइट यांनी चौथा विजय मिळवला. ज्या घटनेसाठी लेखिकेचे नाव लोकांना ठाऊक आहे, तिच्यात शर्यतीचा भाग इतका थोडा असावा, हा विरोधाभास निवेदनात न बोलताही जाणवतो.

पुस्तकाच्या मर्यादाही याच भूमिकेतून उद्भवतात. पुरावा मांडणाऱ्याला प्रतिपक्ष सतत समोर ठेवावा लागतो. स्त्रियांनी शर्यतीत येऊ नये असे म्हणणाऱ्या चालकांची व पत्रकारांची विधाने येथे इतक्या निष्ठेने नोंदवली आहेत की, काही ठिकाणी त्यांचाच आवाज वाचकाच्या कानात अधिक घुमतो. एखादी फेरी चालवताना देहाला काय जाणवते, वळणात शिरताना मनात शांतता असते की गणित, हे जेथे येते तेथे लेखन उंची गाठते. पण युक्तिवादाची निकड लेखिकेला त्या जागी फार काळ थांबू देत नाही. शिवाय तांत्रिक तपशिलाची सवय नसलेल्या वाचकाला कोणता बिघाड निर्णायक आणि कोणता किरकोळ हे सहज उमगत नाही. शीर्षकाबद्दलही आक्षेप घेता येईल. ‘फुल थ्रॉटल’ म्हणजे इंजिनाला पूर्ण मोकळीक. ज्या पुस्तकात यंत्र, पैसा किंवा परवानगी यांपैकी काहीतरी नेहमीच अपुरे पडते, त्याला हे नाव प्रकाशनव्यवसायाच्या सोयीचे असले तरी आशयाशी विसंगत वाटते.

१९७८ चा मोसम काटेकोरपणे पाहिल्यास नवशिकेपणाच्या कक्षेबाहेरचा आहे. तरीही त्याशिवाय आधीच्या दोन वर्षांचा अर्थ पुरा होत नाही. त्या वर्षी तेल कंपनी टेक्सॅकोच्या प्रायोजकत्वावर गथ्री यांनी स्वतःचा संघ उभारला. शर्यतीच्या तोंडावर धर्मादाय टेनिस सामन्यात मनगटाचे हाड मोडले. ही गोष्ट लपवून ठेवत त्यांनी पाचशे मैलांची शर्यत चालवली आणि नववा क्रमांक मिळवला. फॉइट यांच्या मोटारीने सरावात सुचवलेले अनुमान येथे प्रत्यक्ष शर्यतीत पडताळले गेले, आणि तेही अधिकृत नोंदीत. यानंतर प्रायोजकांची रांग लागायला हवी होती असे वाचकाला वाटते. ती लागली नाही. १९८० नंतर त्यांची सर्वोच्च पातळीवरील कारकीर्द थांबली ती वयामुळे नव्हे, अपघातामुळेही नव्हे. पत्रव्यवहार, भेटी आणि नकार यांची ही पाने कंटाळवाणी आहेत अशी तक्रार होऊ शकते. पण शर्यतीच्या आठवणींत हा कंटाळा सहसा वगळला जातो, आणि त्यामुळे पैशाविना चालकाचे काय होते हे वाचकाला कळतच नाही. प्रतिपक्षाच्या विधानांना उत्तर देता येते. उत्तरच न देणाऱ्या कार्यालयापुढे पुराव्याचे काय करायचे? लेखिकेचा एरवीचा संयत स्वर या भागात कडवट होतो. तो कलात्मकदृष्ट्या उणा असला तरी खोटा नाही.

हे आत्मकथन प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, २००५ मध्ये, डॅनिका पॅट्रिक इंडियानापोलिसमध्ये चौथ्या आल्या आणि त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट नवोदित ठरल्या. तत्पूर्वी १९९२ मध्ये लिन सेंट जेम्स यांना हाच सन्मान मिळाला होता. या दोन नावांमुळे गथ्री यांच्याकडे ‘मार्ग खुला करणारी’ म्हणून पाहण्याची प्रथा पडली असून ग्रंथालयांतही हे पुस्तक क्रीडा किंवा फार तर स्त्री-अभ्यास या विभागात जाते. दोन्ही ठिकाणी ते चालेल. पण फॉइट यांच्या मोटारीचा प्रसंग प्रयोगरचना शिकवणाऱ्या विज्ञानाच्या प्राध्यापकानेही वाचावा असा आहे. आणि प्रायोजकांच्या शोधाची पाने वाणिज्य शाखेत नेण्यास हरकत नाही, कारण जाहिरातीचा पैसा गुणवत्तेमागे जातो हे गृहीतक तेथे अजूनही शिकवले जाते.