रोगनाम आणि रूपक

‘आक्रमण’, ‘प्लेग’ इत्यादी रूपके रुग्णास अपराधी ठरवितात, असे प्रतिपादन सुझन सॉन्टॅग यांनी ‘एड्स अँड इट्स मेटॅफर्स’ (१९८९) या ग्रंथात केले आहे. ते मार्मिक असले तरी त्यांचा सारा भर रूपकांवर राहतो. समलिंगी पुरुषांशी निगडित असे आरंभीचे रोगनाम सोडून १९८२ मध्ये ‘एड्स’ हे रूपकरहित नाम स्वीकारले गेले; तथापि कलंक त्यासही चिकटला. विषाणूस ‘एचआयव्ही’ ही संज्ञा १९८६ मध्ये मिळाली. सीडी-४ पेशींचा ऱ्हास होत गेल्यावर येणारी उत्तरावस्था म्हणजे एड्स. १९९६ पासून रूढ झालेल्या संयुक्त औषधोपचाराने ती टळू शकते. मराठीत मात्र केवळ संसर्ग झालेल्यासही अनेकदा ‘एड्सग्रस्त’ म्हटले जाते. येथे रूपक नाही, अर्थविस्तार आहे. तरीही निरामय आयुष्य जगू शकणाऱ्यास तो मरणोन्मुख ठरवितो. म्हणून रूपकत्यागाइतकाच संज्ञाविवेकही आवश्यक ठरतो.