कर्नलमधील गणकाचे सुरक्षित पुनर्स्थापन : एक चिकित्सा

धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात पर्जन्यमापकाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. साध्या पर्जन्यमापकातील पाणी रोज सकाळी साडेआठला मोजतात, नोंदवतात आणि ओतून टाकतात. या तिन्ही क्रिया एकाच हाती असल्याने पद्धत निर्धोक ठरते. अन्य कोणी स्वतःच्या अभ्यासासाठी मध्यरात्री ते पात्र रिकामे केले, तर सकाळची नोंद प्रामाणिक असूनही चुकीची होईल. २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस ही अतिवृष्टीची कसोटी असल्याने त्या चुकीचा भुर्दंड महसूल मंडळातील शेतकऱ्यास बसेल.

लिनक्स कर्नलमधील स्मृतिवापराच्या गणकापुढे हाच प्रश्न उभा होता. प्रक्रियांच्या एखाद्या गटाने आजवर जास्तीत जास्त किती स्मृती वापरली, हे 'मेमरी.पीक' ही फाइल सांगते. सीग्रुपच्या पहिल्या आवृत्तीत अशा कमाल नोंदीचे पुनर्स्थापन करता येत असे. मात्र एकाने ते केले की सर्वांचीच नोंद पुसली जाई. दुसऱ्या आवृत्तीत, २०२२ च्या ५.१९ कर्नलमध्ये, ही फाइल आली ती केवळ वाचनापुरती. त्यामुळे नोंद सुरक्षित राहिली, पण उपयुक्तता घटली. एकाच गटात क्रमाने अनेक कामे चालत असतील, तर पहिल्या अवजड कामाचा उच्चांक पुढील सर्व कामांना झाकून टाकतो.

२०२४ च्या ६.१२ कर्नलने काढलेला मार्ग मूलगामी आहे. फाइलमध्ये काही लिहिले असता उच्चांक पुन्हा मोजला जातो, परंतु तो लिहिणाऱ्याने उघडलेल्या त्या फाइल-निर्देशकापुरताच. इतरांना मूळ उच्चांक पूर्ववत दिसतो. येथे 'शून्यीकरण' हा रूढ शब्दही फसवा आहे, कारण नवी मोजणी शून्यापासून नव्हे, तर त्या क्षणीच्या वापरापासून सुरू होते. पात्र एकच, पण प्रत्येक निरीक्षकाची खूण वेगळी, असे या रचनेचे स्वरूप आहे. कोणाचे लेखन ग्राह्य धरावे, हा वादच तिने निकालात काढला.

तथापि ही रचना निर्दोष म्हणता येणार नाही. शेलमधील साधी 'एको' आज्ञा फाइल उघडते, लिहिते आणि बंद करते. बंद होताच ती खूणही नष्ट होते. त्यानंतर 'कॅट' आज्ञेने वाचल्यास जुनाच उच्चांक मिळतो. लेखन यशस्वी झाल्याचे कळते, दोषसंदेश येत नाही, आणि व्यवस्थापक मात्र पुनर्स्थापन झाले असे समजून पुढील अनुमाने काढतो. दुसऱ्याच्या नोंदीचे रक्षण साधताना लिहिणाऱ्याच्या अपेक्षेकडे झालेले हे दुर्लक्ष क्षुल्लक नव्हे. निर्देशक उघडा ठेवणाऱ्या प्रोग्रामला ही अडचण येत नाही. पण प्रयोगशाळेत विद्यार्थी प्रथम शिकतो तो 'एको'च.