आमचा फाफे असा नव्हता

२०१७च्या दिवाळीनंतरचा आठवडा. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि 'फास्टर फेणे' पहिल्या शनिवारी बघून आलो होतो. रत्नागिरीत मावशीने तो दोन दिवसांनी पाहिला आणि मध्यंतरातच मला मेसेज टाकला, 'आमचा फाफे असा नव्हता.' घरी पोचल्यावर फोन करून तिने अर्धा तास तेच सांगितलं. मुलाचं प्रेत काय, रॅकेट काय, शिव्या काय. लहान मुलांना घेऊन गेलेल्या आया मागच्या रांगेत कुजबुजत होत्या म्हणे.

मावशीचा शब्द या बाबतीत शेवटचा, कारण फाफे मला तिनेच दिला. नगर वाचनालयाच्या तिच्या कार्डावर भा. रा. भागवतांची पुस्तकं आमच्या घरी यायची. हे वाचनालय १८२८ सालचं, आणि तिथली काही पुस्तकंही तेव्हाचीच असावीत असं पानांच्या वासावरून वाटायचं. वर तिने १९८७च्या आसपास दूरदर्शनवर सुमीत राघवनचा फाफे पाहिलेला. म्हणजे तिच्या डोक्यात फाफेचा चेहरासुद्धा पक्का होता. तिथे अचानक 'दिल दोस्ती दुनियादारी'तला कैवल्य येऊन 'ट्टॉक' म्हणायला लागला.

ही तक्रार फक्त मावशीची नव्हती. त्या दिवसांत सिनेमाबद्दल जे बोललं जात होतं त्याचे ढोबळ दोन गट होते. चाळिशीच्या वरचे म्हणत, सिनेमा चांगला आहे पण हा फास्टर फेणे नाही. माझ्या वयाचे, ज्यांच्यातल्या निम्म्यांनी एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं, ते म्हणत, मराठीत असा थ्रिलर झाला हेच खूप, अमेय वाघ भारी, गिरीश कुलकर्णी त्याहून भारी. शेवटच्या मुद्द्यावर मात्र सगळ्यांचं एकमत. गिरीश कुलकर्णीचा अप्पा आवाज न चढवता बोलायला लागला की थेटर गप्प व्हायचं.

वाचलेला डिटेक्टिव्ह पडद्यावर आला की हे भांडण जगभर होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केनेथ ब्रानाचा 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' आला तेव्हा लोक खुनापेक्षा प्वारोच्या मिश्यांवर जास्त बोलले. दिबाकर बॅनर्जीचा ब्योमकेश २०१५ला आला, तर १९९३च्या मालिकेतला रजित कपूर बघितलेल्यांनी सुशांतसिंह राजपूतला दारातच उभं केलं. सत्यजित रायना मात्र कोणी 'आमचा फेलुदा असा नव्हता' म्हणू शकत नव्हतं, कारण फेलुदा लिहिला त्यांनीच आणि १९७४ला 'सोनार केल्ला' सिनेमा केला तोही त्यांनीच. भागवत २००१मध्ये गेले. आदित्य सरपोतदारने आणि पटकथा लिहिणाऱ्या क्षितिज पटवर्धनने यावर एक युक्ती काढली. भागवतांनाच सिनेमात आणून बसवलं. दिलीप प्रभावळकर भा. रा. भागवत म्हणून फाफेला पुण्यात आसरा देतात. जणू लेखकाची लेखी परवानगीच. मावशीला तेवढा भाग आवडला होता. 'पण परवानगी प्रभावळकरांनी दिली, भागवतांनी नाही,' असंही तिने ऐकवलं.

तेव्हा मी तिच्याशी खूप भांडलो. आज बघताना तिचं एक म्हणणं मला पटतं आणि एक अजिबात पटत नाही.

पटतं ते असं. पुस्तकांतला फाफे खरं तर डिटेक्टिव्ह नव्हताच, 'फास्टर फेणे डिटेक्टिव्ह' नावाचं पुस्तक असलं तरी. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्यात विद्याभवनचा विद्यार्थी, किडकिडीत, चौकड्यांचा शर्ट, बुडाखाली सायकल. तो पुरावे मांडून, तर्क लढवून उत्तर काढत नाही. जिथे काही घडतंय तिथे तो नाक खुपसतो आणि मोठ्यांच्या आधी पोचतो. त्या गोष्टींमधली मजा वेगाची आहे. सिनेमाला मात्र तपास हवा होता. पूर्वार्धात तो जमतो. प्रवेशपरीक्षेला भेटलेल्या धनेश नावाच्या मुलाने आत्महत्या केली असं सगळे म्हणतात आणि फाफेचं मन ते मानायला तयार नाही. एका भेटीत पाहिलेल्या माणसावर ठेवलेला एवढा विश्वास, त्याच्यावरच अख्खा तपास. हे मला फार आवडतं. उत्तरार्धात मात्र धागे फाफेला सापडण्याऐवजी त्याच्यापुढे येऊन पडायला लागतात. डोकं कमी आणि योगायोग जास्त.

गुन्हेगार कोण हे आपल्याला बरंच आधी कळतं, ही तक्रारही तेव्हा ऐकली होती. मला ती चुकीची वाटते. 'सोनार केल्ला'च्या कादंबरीत जे शेवटी उलगडतं ते रायनी सिनेमात सुरुवातीलाच दाखवून टाकलं. छोटा मुकुल दुष्टांबरोबर हसतखेळत प्रवास करतोय हे आपल्याला माहीत आहे, त्याला नाही. त्यामुळे तो नुसता खिडकीबाहेर बघत बसला तरी आपल्या पोटात गोळा येतो. लवकर सांगण्यात काही वाईट नाही. सांगितल्यानंतर त्या माहितीचं काय करायचं हे ठरलेलं पाहिजे. 'फास्टर फेणे'मध्ये अप्पा कळल्यावर पुढे खूप धावपळ होते, पण जीव तेवढा वरखाली होत नाही.

आता न पटणारं. 'हा लहान मुलांचा सिनेमा नाही.' बरोबर, नाही. पण पुस्तकांची नावं बघा: 'प्रवाळबेटावर फास्टर फेणे', 'गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे', 'चक्रीवादळात फास्टर फेणे'. धोका कायम लांब कुठेतरी, बेटावर, बर्फात, सरहद्दीवर. पुणं म्हणजे परत यायची सुरक्षित जागा. माझ्या पिढीची भीती तिथे नव्हतीच. बारावीच्या वर्षात, मध्यरात्री एसटीत बसून, आंबा घाट चढताना फॉर्म्युले पुटपुटत मी परीक्षेच्या सेंटरला गेलो होतो. बाबा शेजारच्या सीटवर माझं हॉलतिकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरून बसले होते. रात्रभर झोपले नाहीत. माझ्या अठराव्या वर्षापर्यंतच्या आयुष्यात सर्वात भीतिदायक वस्तू कुठली होती, तर तो कागद. सिनेमाने गुन्हा उचलून बरोबर तिथे आणून ठेवला. भागवतांच्या वाचकाचं वय वाढवलं आणि तो आता ज्याला घाबरतो ते त्याच्यासमोर ठेवलं. रूपांतर म्हणतात ते हेच असं मला तेव्हाही वाटत होतं. मावशीला मी म्हटलं होतं, 'अगं मावशी, सिनेमा आहे तो, एवढं काय मनाला लावून घेतेस?' आज तो युक्तिवाद मला लंगडा वाटतो, कारण मी स्वतः तो मनाला लावूनच घेतला होता.

सिनेमातलं रॅकेट 'जरा जास्तच' आहे असं म्हणणारेही तेव्हा बरेच होते. खरं तर मध्य प्रदेशातला व्यापम घोटाळा २०१३लाच उघड झाला होता. दुसऱ्याच्या नावावर पेपर लिहिणारे, ओएमआर शीटमधली अफरातफर, साक्षीदारांचे आणि आरोपींचे मृत्यू, सगळं वर्तमानपत्रात येऊन गेलं होतं. पण ते तिकडे, लांब. गुलमर्गसारखंच.

मग २०२४ आलं. माझी मावसबहीण, मावशीची मुलगी, त्या वर्षी नीटला बसली. ५ मेला परीक्षा, देशभरातून तेवीस लाखांहून जास्त मुलं. ४ जूनला, लोकसभेच्या मतमोजणीच्याच दिवशी, निकाल लागला आणि ६७ जणांना ७२०पैकी ७२० मिळाले. १,५६३ मुलांना वेळ वाया गेल्याबद्दल वाढीव गुण दिल्याचं बाहेर आलं. बिहारमध्ये पेपर फुटल्याचा तपास सुरू झाला. जूनच्या शेवटी लातूरमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या शिक्षकांची चौकशी सुरू झाली आणि 'तिकडे, लांब' संपलं. लातूर म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राने मुलं डॉक्टर करायला पाठवायचं गाव. आमच्या ओळखीतले दोघे तिथेच शिकायला होते.

मी तेव्हा घरून काम करत रत्नागिरीतच होतो. बाहेर धो धो पाऊस, लाईट येऊन जाऊन. एका रविवारी बहिणीनेच 'फास्टर फेणे' लावला. ती पहिल्यांदा बघत होती. २०१७ला ती अकरा वर्षांची होती आणि मावशीने तिला नेलं नव्हतं.

तिच्या शेजारी बसून बघताना सिनेमा मला वेगळा दिसला. आम्ही ज्याला अतिशयोक्ती म्हणत होतो तिथे ती मान डोलवत होती. आणि आम्हाला जे सगळ्यात जास्त आवडलं होतं, तो अप्पा, तिला पटला नाही. 'अॅक्टिंग भारी आहे रे दादा, पण एकच माणूस? एवढं सगळं एकटा माणूस कसं करेल?'

यावर मी बरेच दिवस विचार करतोय. डिटेक्टिव्हच्या गोष्टीला एक गुन्हेगार लागतो. बोट दाखवायला कोणीतरी हवं, नाहीतर शेवटचा प्रसंग कसा करणार? गिरीश कुलकर्णी इतका चांगला आहे की सगळी भीती त्याच्या एकट्याच्या चेहऱ्यात गोळा होते आणि तो हरला की आपण मोकळे होऊन पार्किंगमध्ये गाडी शोधायला लागतो. २०१७मध्ये मला हे सिनेमाचं यश वाटलं होतं. आता वाटतं, सिनेमाचा फसवा भाग नेमका हाच आहे. पेपर छापखान्यापासून वर्गापर्यंत येतो तेव्हा तो किती हातांतून जातो! यातल्या प्रत्येकाने थोडं थोडं काही केलं, किंवा थोडं थोडं न बघितल्यासारखं केलं, की झालं काम. असा गुन्हा फाफेच्या गोष्टीत मावत नाही. मावलाच तर तो त्याच वर्षी आलेल्या त्या दुसऱ्या गोष्टीत, आगगाडीवाल्या. (स्पॉयलरबद्दल माफ करा, पण पुस्तक १९३४चं आहे.) तिथे प्वारो 'यांच्यातला एक कोण' असं शोधत जातो आणि उत्तर निघतं, सगळेच. मिश्यांवर भांडणारे आम्ही आणि 'आमचा फाफे असा नव्हता' म्हणणारी मावशी, दोघांनीही त्या नोव्हेंबरमध्ये हे दोन सिनेमे शेजारी शेजारी ठेवून बघितले नाहीत.

त्याने 'फास्टर फेणे' वाईट ठरत नाही. अमेय वाघचं अवघडलेलं, उतावळं धावणं अजून ताजं आहे. आणि मरण पावलेल्या मुलाबद्दल 'तो असं करणार नाही' एवढंच धरून बसलेला हिरो मला त्यानंतरच्या मराठी थ्रिलरमध्ये फारसा दिसलेला नाही.

सिनेमा संपला तेव्हा लाईट पुन्हा गेली. मावशी स्वयंपाकघरातून अधूनमधून येऊन बघत होती, शेवटची वीस मिनिटं दारातच उभी राहिली होती. या वेळी फाफे कसा आहे यावर ती काही बोलली नाही. अंधारात बहिणीने विचारलं, 'पण मग ती परीक्षा? परत घेतली का सगळ्यांची?'

'अगं, सिनेमा आहे तो,' मावशी म्हणाली, आणि मेणबत्ती शोधायला गेली.