भेंडी बाजारातील प्रार्थनामंदिर : ग्रंथकेंद्री वाङ्मयेतिहासाची एक मर्यादा

प्रस्तावना :
अव्वल इंग्रजी काळातील मराठी गद्याचा विचार करताना मिशनच्या छापखान्याचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. मात्र तेथे छापलेला मजकूर ज्या वास्तूत मोठ्याने वाचला गेला, तिची दखल वाङ्मयेतिहासात क्वचितच घेतली जाते. मुंबईच्या भेंडी बाजारातील अमेरिकन मिशनचे प्रार्थनामंदिर हे या उपेक्षेचे ठळक उदाहरण होय.

विवेचन :
गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले. कंपनी सरकारने प्रारंभी त्यांना परत जाण्याचा हुकूम दिला होता. तरीही १८१७ पासून मिशनच्या छापखान्यातून मराठी पुस्तिका निघू लागल्या. १८२३ मध्ये प्रार्थनामंदिर उभे राहिले, तर १८२४ मध्ये मिशनने मुलींची शाळा सुरू केली. १८२६ च्या मार्चमध्ये हॉल यांचे नाशिक परिसरात पटकीने निधन झाले. त्याच वर्षी नव्या कराराचे मराठी भाषांतर छापून झाले.

या घटनाक्रमातील ग्रंथ अभ्यासकांनी जपले. वास्तू मात्र विस्मरणात गेली. वस्तुतः साक्षरता अत्यल्प असताना छापील शब्द बहुसंख्यांपर्यंत श्रवणातूनच पोहोचत असे. कीर्तन-पुराणाला सरावलेल्या श्रोत्यांसमोर परकीय वक्त्याचे मराठी येथे कसोटीस लागत होते. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) मधील संवादप्रधान निवेदनाचा विचार करताना ही श्रवणपरंपरा दृष्टिआड करता येत नाही.

ही वास्तू धर्मप्रसाराचे साधन होती, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु एखाद्या वास्तूचा अभ्यास करणे म्हणजे तिच्या हेतूचे समर्थन करणे नव्हे. पुढे मिशनचे कार्य भायखळ्याकडे सरकले आणि आज ते मंदिर अस्तित्वात नाही. मुंबईत वारसा वास्तूंसाठी नियमावली आली ती १९९५ मध्ये. जे आधीच नाहीसे झाले, त्याला कोणतीही यादी वाचवू शकत नाही.

वऱ्हाडच्या संदर्भात हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. अकोल्यात मिशनकार्य केलेल्या जेनी फुलर यांचा ‘द राँग्ज ऑफ इंडियन वुमनहुड’ (१९००) हा ग्रंथ स्त्री-अभ्यासात आजही उद्धृत होतो. मात्र अशा लेखनामागील शाळा, प्रार्थनागृहे व दफनभूमी यांच्याकडे अभ्यासकांचे तेवढे लक्ष जात नाही. ग्रंथाच्या प्रती अनेक असतात. वास्तू एकच असते.

निष्कर्ष :
अमरावती, अकोला व अचलपूर येथील जुन्या प्रार्थनागृहांची मोजमापे, छायाचित्रे, शिलालेख आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या यांचे संकलन पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सहज होऊ शकते. त्यासाठी मराठी व इतिहास या दोन विभागांनी एकत्र येणे आवश्यक आहे. भेंडी बाजाराबाबत ती संधी हातची गेली आहे. वऱ्हाडात ती अद्याप शिल्लक आहे.