गोन्चारोवाबाईंचें शेतकरीविश्व

परंपरेचा कैवार घेणारी कला बहुधा दोन दोषांपैकीं एकाच्या आहारीं जाते. ती जुन्या जीवनाची कींव तरी करिते, नाहीं तर त्यास सणाचा पोशाख चढवून दिवाणखान्यांत उभें करिते. या दोहोंतून सुटण्याची वाट कोणती, हें पाहूं इच्छिणाऱ्या रसिकांनीं १९१३ सालीं मॉस्को येथें भरलेल्या नातालिया गोन्चारोवा यांच्या चित्रप्रदर्शनाचा अवश्य विचार करावा. बाईंचें वय त्या वेळीं अवघें ३२ वर्षांचें होतें, आणि मांडलेल्या कृति सातशेंहून अधिक होत्या!

तुला प्रांतांतील एका सरदारी घराण्यांत १८८१ सालीं त्यांचा जन्म झाला. बालपण खेड्यांत गेल्यामुळें पेरणी-कापणीचें जग त्यांच्या नित्य परिचयाचें होतें. पुढें मॉस्को येथें त्यांनीं कलेचें शिक्षण घेतलें, व गोगँ, मातीस इत्यादि फ्रेंच चित्रकारांचा त्यांच्यावर संस्कार झाला. असें असूनही प्रदर्शनाच्या सूचिपत्राच्या प्रस्तावनेंत त्यांनीं पश्चिमेचा निरोप घेतला, व सर्व कलांचें मूळ जें पूर्व, तिकडे आपण वळत असल्याचें जाहीर केलें. या घोषणेंत अभिनिवेश आहे खरा. कारण देवघरांतील मूर्तिचित्राकडे केवळ चित्र म्हणून पाहण्याचें धैर्य त्यांस बव्हंशीं फ्रेंचांपासूनच लाभलें होतें. परंतु उसन्या दिव्याच्या उजेडांत का होईना, त्यांनीं शोधलें तें आपल्याच घरांत, आणि सांपडलें तें अस्सल होतें.

त्यांचें ‘सफरचंदें वेंचणारे शेतकरी’ (१९११) हें चित्र पाहावें. माणसांचे देह दगडांतून कोरल्यासारखे जड, चेहरे रुंद, हातपाय मोठे, रंग सपाट व भडक. चर्चमधील मूर्तिचित्रें, जत्रेंत विकलीं जाणारीं ‘लुबोक’ नांवाचीं स्वस्त छापील चित्रें, आणि दक्षिणेकडील माळरानांवर उभ्या असलेल्या प्राचीन पाषाणमूर्ति, या तिघांचेंही ऋण येथें स्पष्ट दिसतें. रेपिन यांचें व्होल्गा नदीवर नाव ओढणाऱ्या मजुरांचें विख्यात चित्र (१८७३) पाहतांना प्रेक्षकाचें मन करुणेनें भरून येतें. गोन्चारोवाबाईंचा शेतकरी आपणांपाशीं करुणा मागत नाहीं. किंबहुना आपण त्याच्याकडे पाहत आहों, याची त्यास पर्वाच नाहीं. बाईंनीं परंपरेपासून नुसता विषय घेतला नाहीं, तर रेषेची रीत घेतली, आणि म्हणूनच हा मान त्या त्यास देऊं शकल्या.

ही रीत किती जिवंत होती, याची साक्ष त्यांच्या विरोधकांनींच दिली. १९१२ सालीं ‘गाढवाचें शेपूट’ नामक प्रदर्शनांतून त्यांचीं चार शुभवर्तमानकारांचीं चित्रें सरकारी परीक्षकांनीं काढावयास लाविलीं. अशा नांवाखालीं पवित्र पुरुष मांडणें त्यांस पाखंड वाटलें. १९१४ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथेंही त्यांच्या धार्मिक चित्रांवर पोलिसांची धाड पडली. या अधिकाऱ्यांच्या मतें परंपरेची जागा चर्चच्या भिंतीवर होती, आणि तेथेंच तिनें स्वस्थ राहावें! पण निळ्या, तांबड्या, करड्या व हिरव्या वस्त्रांतील त्या चार उंच, गंभीर पुरुषांपुढें उभें राहिलें असतां उपहासाची शंकाही मनास शिवत नाहीं.

असो. स्तुतीबरोबर एक खंतही नमूद करणें प्राप्त आहे. त्याच १९१४ सालीं पॅरिस येथें ‘सुवर्ण कुक्कुट’ या नाट्यप्रयोगासाठीं बाईंनीं नेपथ्य व वेष रचिले. पॅरिसनें त्यांवर टाळ्यांचा वर्षाव केला. तींच फुलें, तोच तांबडा रंग; मात्र तेथें शेतकरी शोभेपुरता उरला, आणि प्रारंभीं सांगितलेला पोशाखाचा दोष कांहीं अंशीं पदरीं आला. १९१५ सालीं बाईंनीं मायदेश सोडला, व १९६२ सालीं त्या पॅरिसमध्येंच निवर्तल्या. रंगभूमीनें त्यांस जगभर कीर्ति दिली; परंतु त्यांची खरी थोरवी ज्यास जाणून घ्यावयाची असेल, त्यानें प्रथम १९१३ च्या दालनांतील त्या जड पावलांच्या माणसांकडे जावें.