बटरफ्लाय मॅक्क्वीन : एका नकाराची कारकीर्द

अमेरिकन बोलपटांच्या पहिल्या दोन-तीन दशकांत काळ्या नटीसाठी हॉलीवूडने बहुधा एकच काम राखून ठेवले होते : मोलकरणीचे. नायिका बदलत, दिग्दर्शक बदलत, स्टुडिओ बदलत. पण दार उघडणारी, कपडे आवरणारी, मालकिणीच्या लहरी सांभाळणारी बाई काळीच असे. जन्मावरून ठरलेले काम पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या गळ्यात बांधले गेले, त्यांना हे वतन काय असते हे वेगळे सांगायला नको. प्रश्न आहे तो पुढचा. अशा लादलेल्या कामावर ज्यांची कारकीर्द उभी राहिली, त्या कलावंतांचे मूल्यमापन आपण कसे करायचे? त्यांना लाचार म्हणून निकालात काढायचे, की परिस्थितीचे बळी म्हणून सगळे माफ करायचे? हे दोन्ही निवाडे सोपे आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत. बटरफ्लाय मॅक्क्वीन ह्या नटीच्या निमित्ताने तो प्रश्न तपासून पाहायचा आहे.

तिचे खरे नाव थेल्मा. जन्म ८ जानेवारी १९११, फ्लोरिडातील टॅम्पा येथे. बाप गोदीत हमाली करी, आई लोकांच्या घरी कामाला जाई. थेल्माला परिचारिका व्हायचे होते. नाटकाकडे वळण्याचा सल्ला तिला शाळेतल्या एका शिक्षिकेने दिला. न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय तरुणांच्या एका नाट्यमंडळात, शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'च्या प्रयोगात ती फुलपाखरांच्या नृत्यात नाचली आणि 'बटरफ्लाय' हे नाव तिला चिकटले. १९३७ साली ती ब्रॉडवेवर आली. दोनच वर्षांनी, १९३९ मध्ये, 'गॉन विथ द विंड' ह्या चित्रपटातली प्रिसी तिच्या वाट्याला आली आणि त्या एका भूमिकेने तिचे उरलेले आयुष्य व्यापून टाकले.

हा चित्रपट मार्गारेट मिचेल हिच्या १९३६ च्या कादंबरीवर आधारलेला. अमेरिकेतील यादवी युद्ध आणि त्यानंतरची वर्षे हा त्याचा काळ. गुलामांच्या मालकांची दुनिया कोसळली ह्याचा शोक तो करतो. ज्या घटनेचा हा शोक, त्याच घटनेचे मोल जोतीराव फुल्यांनी पुण्यात बसून ओळखले होते. १८७३ साली प्रसिद्ध झालेली 'गुलामगिरी' त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केली. एकाच इतिहासाकडे पाहण्याच्या ह्या दोन नजरा आहेत. हॉलीवूडने मालकाची नजर उचलली आणि अत्यंत देखण्या रंगांत ती जगभर दाखवली. आपल्याकडच्या सुशिक्षितांनीही तो चित्रपट प्रेमकथा म्हणूनच डोक्यावर घेतला.

आता प्रिसीचा तो गाजलेला प्रसंग पाहा. अटलांटा शहराला वेढा पडलेला आहे. मेलनी बाळंतपणाच्या वेणांनी तळमळते आहे. बाळंतपणातले आपल्याला सगळे कळते, अशी फुशारकी प्रिसीने आधी मारलेली असते. स्कार्लेट तिला डॉक्टरांना आणायला पाठवते. प्रिसी गाणे गुणगुणत, रमतगमत, डॉक्टरांशिवायच परत येते. शेवटी आपल्याला ह्यातले काहीच ठाऊक नाही, अशी कबुली ती रडत देते आणि स्कार्लेट तिच्या थोबाडीत मारते. ह्या थपडेची तयारी पटकथेने इतकी चोख केलेली आहे की, प्रेक्षकाला ती हवीहवीशी वाटावी.

परंतु जो प्रश्न पटकथेला पडत नाही तो समीक्षकाला पडला पाहिजे. शहरावर चालून येणारे सैन्य कोणाचे आहे? ज्याच्या विजयाने प्रिसी मुक्त होणार आहे त्याचे. मग तिने धावावे कोणासाठी? गुलामाचे खोटे बोलणे, दिरंगाई करणे, न समजल्याचे सोंग घेणे ही त्याची जुनी संरक्षक हत्यारे आहेत. ज्याच्या हाती दुसरे काही नाही तो हीच वापरतो. चित्रपट मात्र ह्या हत्यारांना मूर्खपणा म्हणतो. शिवाय त्या काळी जॉर्जियात गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता. कायद्याने अज्ञान लादायचे आणि कलेने त्या अज्ञानावर हसायचे, असा हा व्यवहार आहे. त्यात जिला स्वतःला परिचारिका व्हायचे होते त्या बाईला बाळंतपणातले काही न कळणारी पोर म्हणून जगभर ओळख मिळावी, ह्याला काय म्हणावे?

मॅक्क्वीन तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती आणि आपण काय करीत आहोत हे तिला पुरते कळत होते. सेटवर कलिंगड खाऊन बिया थुंकायला तिने नकार दिला, कारण काळ्या माणसाची ती ठरलेली टवाळी होती. खरी थप्पड खायलाही ती राजी नव्हती. खरोखर मारलेत तर मी ओरडणार नाही, नुसते दाखवलेत तर हवे तेवढे ओरडेन, असा तिचा पवित्रा होता. हे नकार लहान आहेत, मान्य. त्यांनी पटकथा बदलली नाही. पण स्टुडिओच्या उतरंडीत अगदी तळाशी असलेल्या, पहिल्याच मोठ्या कामावर आलेल्या बाईने ते दिले आहेत. नकाराचे मोल तो कोणत्या पायरीवरून दिला गेला ह्यावरून ठरते.

तरीही एक गोष्ट विसरून चालणार नाही. भूमिकेने नुकसान केलेच. माल्कम एक्सने आपल्या आत्मकथनात (१९६५) मिशिगनमधील मेसन ह्या गावी हा चित्रपट पाहिल्याची आठवण सांगितली आहे. त्या चित्रपटगृहात तो एकटाच काळा होता आणि बटरफ्लाय मॅक्क्वीन पडद्यावर आली तेव्हा त्याला सतरंजीखाली तोंड लपवावेसे वाटले. भोवतालच्या गोऱ्यांच्या हसण्यात एका मुलाची मान खाली जाते, ही चित्रपटाच्या परिणामाची नोंद आहे. 'नटीचा नाइलाज होता' ह्या एका वाक्याने ती पुसता येत नाही. त्याचबरोबर हेही पाहिले पाहिजे की, लाज त्या मुलाला वाटली. ज्यांनी ती भूमिका लिहिली, जे तिच्यावर हसले आणि ज्यांनी तिच्यावर पैसा मिळवला, त्यांना ती वाटली नाही. लाज नेहमी खालच्याच माणसाच्या वाट्याला कशी येते, हा खरा सामाजिक प्रश्न आहे.

ह्याच चित्रपटातली दुसरी दासी, मॅमी, हॅटी मॅक्डॅनिअलने केली. १५ डिसेंबर १९३९ रोजी अटलांटात चित्रपटाचा पहिला खेळ झाला, तेव्हा तिथल्या वर्णभेदी कायद्यांमुळे त्यातल्या काळ्या कलावंतांना हजर राहता आले नाही. पुढे २९ फेब्रुवारी १९४० रोजी मॅक्डॅनिअलला ऑस्कर मिळाले. ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलावंत. त्या समारंभातही तिला इतर कलावंतांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवले होते. मोलकरीण होण्यापेक्षा मोलकरणीची भूमिका करून शंभरपट पैसे मिळवणे बरे, अशा अर्थाचे उद्गार तिच्या नावावर सांगितले जातात. त्यातला रोखठोक व्यवहार समजण्यासारखा आहे. ज्याच्या आईबापांनी गुलामी पाहिली त्याला पैशाचे मोल कोणी शिकवावे? मॅक्क्वीनने दुसरा रस्ता धरला. मोलकरीण पहिल्यांदा रंगवायला तिची हरकत नव्हती, धंद्यात शिरण्याची तीच वाट असावी असे तिला वाटले होते. पण तेच ते पुन्हा पुन्हा पुढे येऊ लागले तेव्हा तिला चीड आली. विनोदी दिसण्याची तिला लाज नव्हती. मूर्ख दिसणे तिला नको होते. हा भेद तिने स्वतः करून ठेवला आहे आणि तो समीक्षेच्या फार उपयोगाचा आहे. त्यात श्रमाची लाज नाही, हास्याचा तिटकारा नाही. बुद्धी नाकारली जाण्याला विरोध आहे.

१९४५ च्या 'मिल्ड्रेड पिअर्स'मध्ये तिने पुन्हा मोलकरीण केली. जोन क्रॉफर्डला त्या चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले. मॅक्क्वीनचे नाव श्रेयनामावलीतही नव्हते. १९४६ च्या 'ड्युएल इन द सन'मध्येही मोलकरीणच. त्यानंतर, १९४७ च्या सुमारास, तिने अशा भूमिकांना पाठ दाखवली. त्याची किंमत लगेच वसूल झाली. पडद्यावरची मोलकरीण नाकारणाऱ्या ह्या बाईला पोटासाठी किरकोळ कामे करावी लागली. दुकानात विक्रेती म्हणून तिने काम केले, उपाहारगृहात वाढले. १९५० पासून दूरचित्रवाणीवरच्या 'ब्यूला' ह्या मालिकेत ती मोलकरणीच्या बावळट मैत्रिणीच्या भूमिकेत दिसते, हेही लपवण्याचे कारण नाही. भुकेपुढे नकाराला कधी कधी दोन पावले मागे यावे लागते. ज्यांच्या घरात महिन्याचा पगार आपोआप येतो त्यांनी ह्या दोन पावलांचा हिशेब मागू नये.

तिच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी घटना मात्र चित्रपटाच्या इतिहासात सापडणार नाही. १९७५ साली, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, तिने न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधून राज्यशास्त्राची पदवी घेतली. हे कॉलेज हार्लेममध्ये आहे. काळ्या आणि पोर्टोरिकन विद्यार्थ्यांनी १९६९ साली तिथे संप केला आणि १९७० पासून प्रवेशाचे दार सर्वांसाठी रुंद झाले. आमच्यासारख्या, घराण्यात पदवी आपल्यापासूनच सुरू झालेल्या माणसांना ह्या घटनेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. जिला जगाने 'काही न कळणारी' म्हणून ओळखले तिने उतारवयात पुस्तके उघडली, आणि विषयही निवडला तो सत्ता कशी चालते हे शिकवणारा. पुढे हार्लेमच्या एका प्राथमिक शाळेत ती मुलांमध्ये काम करीत राहिली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुलांसाठीच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात तिने इच्छा पुऱ्या करणारी परी साकारली आणि तिला एमी पुरस्कार मिळाला. त्या परीचे नाव होते थेल्मा मावशी. चाळीस वर्षांनी भूमिकेला तिचे स्वतःचे नाव मिळाले.

तरी रस्त्यावरची नजर बदलली नव्हती. एप्रिल १९७९ मध्ये एका बसस्थानकावर रखवालदारांनी तिला खिसेकापू आणि भटकी म्हणून हटकले. पदवी, पुरस्कार, जगभरची ओळख, कशाचाही उपयोग झाला नाही. दिसला तो फक्त रंग. ती गप्प बसली नाही, कोर्टात गेली. १९८३ साली ज्यूरीने तिला ६०,००० डॉलरची भरपाई दिली. धर्माच्या बाबतीतही ती अशीच ठाम होती. पूर्वज गुलामीतून सुटले, तशी मी धर्माच्या गुलामीतून सुटले, अशी तिची भूमिका होती. २२ डिसेंबर १९९५ रोजी जॉर्जियातील ऑगस्टाजवळ घरात भाजून तिचा मृत्यू झाला. आपला देह तिने वैद्यकीय अभ्यासासाठी देऊन ठेवला होता.

जून २०२० मध्ये एका अमेरिकन स्ट्रीमिंग सेवेने 'गॉन विथ द विंड' काही दिवस मागे घेतला आणि मग चित्रपटाच्या एका कृष्णवर्णीय अभ्यासिकेच्या प्रास्ताविकासह पुन्हा दाखवायला सुरुवात केली. चित्रपट पुरून टाकण्यापेक्षा हे बरे झाले. पुरला तर पुरावाही पुरला जातो. विद्यार्थ्यांनी तो जरूर पाहावा. पण प्रिसी पडद्यावर आली की आपण कोणाच्या बाजूने हसतो आहोत हे तपासावे. आणि तिच्या भूमिकांची यादी करायला बसणाऱ्या अभ्यासकाने शेजारी दुसरी यादीही करावी : तिने काय खाल्ले नाही, कोणती थप्पड घेतली नाही, कोणत्या भूमिका टाकल्या, कोणत्या कोर्टात गेली, कोणत्या वर्गात जाऊन बसली. पहिली यादी हॉलीवूडने लिहिली आहे. दुसरी तिने स्वतः लिहिली, आणि आपल्या समीक्षेने वाचायची ती हीच.